विद्यापीठाला मोजपट्टी लावणारा माणूस

१९२४ साली कॅलिफोर्नियात चोवीस वर्षांचा एक तरुण अभियंता अंथरुणाला खिळला. बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची, म्हणजे एमआयटीची डॉक्टरेट त्याच्या हाती नुकतीच पडली होती आणि त्याच नामवंत संस्थेत शिकवण्याची संधीही चालून आली होती. सुटीपुरता तो घरी आला आणि क्षयाने त्याला गाठले. क्षयावर त्या काळी औषध नव्हते. छातीवर वाळूच्या पिशव्या ठेवून महिनोन्महिने उताणे पडून राहणे, एवढाच उपचार होता. पूर्वेकडे परतण्याचा बेत मोडला. पडल्या पडल्या या तरुणाने रेडिओशास्त्रावरचे मिळेल ते वाचून काढले, आणि उठून बसण्याइतकी शक्ती आल्यावर घराजवळच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्धवेळ अध्यापकाची नोकरी धरली.

फ्रेडरिक एमन्स टर्मन हे त्याचे नाव. पुढे ज्या भूभागाला 'सिलिकॉन व्हॅली' असे नाव पडले, त्याचे जनक म्हणून ज्या दोन-तीन व्यक्तींचा उल्लेख होतो त्यांत टर्मन यांचे नाव बहुधा पहिले असते. मात्र त्यांनी स्वतः एकही कंपनी काढली नाही. त्यांचे सारे आयुष्य एका विद्यापीठात गेले. एखादे विद्यापीठ आपल्या परिसरातील प्रगत उद्योगांना कितपत पेलू शकते, हे आकड्यांत मांडता येते अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि ती मांडणी करता करता त्यांनी त्या विद्यापीठाचे रूपच बदलून टाकले.

मोजण्याची ही आवड घरातूनच आली होती. फ्रेडरिक यांचा जन्म ७ जून १९०० रोजी इंडियाना राज्यातील इंग्लिश नावाच्या लहानशा गावात झाला. वडील लुईस टर्मन मानसशास्त्रज्ञ. त्यांनाही क्षयाची बाधा होती आणि उबदार हवेच्या शोधात कुटुंब कॅलिफोर्नियात आले. १९१० साली लुईस स्टॅनफर्डमध्ये रुजू झाले. फ्रान्समधील बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीला अमेरिकी रूप देऊन त्यांनी १९१६ साली 'स्टॅनफर्ड-बिने' चाचणी सिद्ध केली आणि बुद्ध्यंक हा शब्द अमेरिकेत घरोघरी पोहोचवला. १९२१ पासून त्यांनी कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार कुशाग्र मुले निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्या यादीत त्यांची स्वतःची दोन्ही मुलेही होती. माणसांची प्रतवारी लावण्याच्या या छंदाला एक काळी बाजूही होती. लुईस टर्मन सुप्रजननवादाचे पुरस्कर्ते होते, आणि त्या विचाराने अमेरिकेत किती जणांवर अन्याय केला याचा हिशेब अजून पुरता संपलेला नाही.

चाचणीसाठी आलेल्या मुलांत पालो आल्टोमधला विल्यम शॉक्ली नावाचा एक मुलगा होता. त्याची परीक्षा दोनदा झाली आणि दोन्ही वेळा तो ठरलेल्या रेषेच्या खालीच राहिला. साहजिकच यादीत त्याचे नाव आले नाही. लुईस अल्व्हारेझ हा आणखी एक मुलगा असाच वगळला गेला. पुढे या दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या दीड हजारांपैकी मात्र ते कोणालाच मिळाले नाही. ज्या शॉक्लीला वडिलांची मोजपट्टी पकडू शकली नाही, त्यालाच तीस-पस्तीस वर्षांनी मुलाने प्रयत्नपूर्वक पुन्हा पालो आल्टोच्या परिसरात बोलावून आणले. पण ती हकीकत पुढे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील स्टॅनफर्ड आजच्या स्टॅनफर्डसारखे नव्हते. रेल्वेसम्राट लीलंड स्टॅनफर्ड यांनी दिलेली आठ हजारांहून अधिक एकर जमीन विद्यापीठापाशी होती, पण देणगीच्या अटींमुळे ती विकता येत नव्हती. भोवताली जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागा पसरल्या होत्या. श्रीमंतांची मुले जेथे शिकतात असे एक बऱ्यापैकी प्रादेशिक विद्यापीठ, एवढीच त्याची ख्याती होती. अभियंते येथे घडत, मात्र पदवी हाती पडताच नोकरीसाठी न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीची वाट धरत. टर्मन यांना हे सलत असे.

त्यांचे 'रेडिओ इंजिनिअरिंग' हे पाठ्यपुस्तक १९३२ साली निघाले आणि लवकरच जगभर वापरले जाऊ लागले. भारतातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनीही टर्मनचे पुस्तक म्हणूनच त्याच्या पुढील आवृत्त्या अभ्यासल्या. १९३७ साली ते विद्युत अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख झाले. विद्यार्थ्यांना घेऊन ते आसपासच्या लहान लहान कारखान्यांत जात. व्हॅक्यूम ट्यूब बनवणारे, रेडिओचे भाग जुळवणारे हे छोटे उद्योजक होते. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे मोठी पदवी नाही आणि तरीही त्यांचा व्यवसाय चालतो आहे, हे त्या मुलांनी प्रत्यक्ष पाहिले.

अशाच मुलांपैकी दोघे म्हणजे विल्यम ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड. पॅकार्ड शिक्षण संपवून पूर्वेला जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लागले होते. १९३८ साली टर्मन यांनी ५०० डॉलरची शिष्यवृत्ती जुळवून त्यांना परत बोलावले. ह्यूलेट यांनी टर्मन यांच्याच प्रयोगशाळेत एक ऑसिलेटर तयार केला होता. बाजारातील तशा उपकरणांच्या तुलनेत तो कितीतरी स्वस्तात बनत होता. तो विकून पाहावा, असे टर्मन यांनी सुचवले. १९३९ च्या जानेवारीत पालो आल्टोतील ॲडिसन रस्त्यावरच्या एका मोटारखान्यात, ५३८ डॉलर भांडवलावर ह्यूलेट-पॅकार्ड ही कंपनी सुरू झाली. वॉल्ट डिस्नी यांच्या कंपनीने 'फँटेझिया' या चित्रपटाच्या ध्वनिव्यवस्थेसाठी त्यांच्याकडून आठ ऑसिलेटर घेतले. याच सुमारास पदार्थविज्ञान विभागात रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या बंधूंनी क्लिस्ट्रॉन नलिका शोधून काढली. विद्यापीठाने त्यांना दिले होते प्रयोगशाळेचा वापर आणि साहित्यासाठी १०० डॉलर. बदल्यात मिळणाऱ्या स्वामित्वधनात विद्यापीठाचा वाटा. आजच्या बौद्धिक संपदेच्या करारांची जाडजूड बाडे पाहता हा व्यवहार फारच भाबडा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धाने टर्मन यांचे डोळे उघडले. १९४२ साली हार्वर्ड विद्यापीठात रेडिओ रिसर्च लॅबोरेटरी स्थापन झाली आणि तिच्या संचालकपदी त्यांची नेमणूक झाली. शत्रूचे रडार निकामी कसे करायचे, हे या प्रयोगशाळेचे गुप्त काम. रडारला गोंधळात टाकणारे प्रक्षेपक आणि विमानांतून उधळल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांवर तेथे संशोधन झाले. हाताखाली साडेआठशेहून अधिक माणसे होती. एमआयटीमधील त्यांचे गुरू व्हॅनिव्हर बुश आता साऱ्या राष्ट्राच्या युद्धसंशोधनाचे सूत्रधार होते. सरकारी पैसा हार्वर्ड आणि एमआयटीकडे लोटत होता आणि स्टॅनफर्डच्या वाट्याला जवळपास काहीच येत नव्हते. टर्मन यांनी याचे निदान केले ते भावनेने नव्हे, तर हिशेबाने. युद्ध संपल्यावर संशोधनाला सरकारी आश्रय मिळत राहणार, त्याचा लाभ घेण्याची तयारी ज्यांच्यापाशी असेल तीच विद्यापीठे राष्ट्रीय दर्जाची ठरणार आणि उरलेली चांगली पण दुय्यम राहणार, अशा आशयाचे पत्र त्यांनी १९४३ साली स्टॅनफर्डमधील एका सहकाऱ्याला लिहिले. युद्धानंतर अभियांत्रिकीचे अधिष्ठाता म्हणून परतताना हा आराखडा त्यांच्या डोक्यात तयारच होता.

आराखडा वरवर साधा होता. सगळ्या विषयांत थोडे थोडे बरे असण्यापेक्षा निवडक विषयांत शिखर गाठावे. छप्पर सपाट असून भागत नाही, लांबून दिसतात ते कळसच, अशी त्यांची धारणा होती. कळस कोठे उभारायचा याचे निकषही ठरलेले होते. ज्या विषयाला सरकारी आणि औद्योगिक निधी मिळू शकतो, ज्यात पीएचडीचे विद्यार्थी मोठ्या संख्येने तयार होतात आणि ज्याला आसपासचा उद्योग वापरू शकतो, असा विषय. नवा प्राध्यापक नेमताना त्याच्या पगाराचा अर्धा भार संशोधन कंत्राटांवर टाकायचा, म्हणजे एका पगारात दोन माणसे मिळतात. कंत्राटाबरोबर वरखर्चापोटी येणारी रक्कम विद्यापीठाच्या तिजोरीत जमा होते ती वेगळीच. १९४६ नंतर नौदलाच्या संशोधन कार्यालयाकडून पैसा येऊ लागला, आणि १९५० साली कोरियात युद्ध भडकताच त्याचा ओघ अनेक पटींनी वाढला.

१९५५ साली ते प्रोव्होस्ट, म्हणजे अध्यक्षांच्या खालोखालचे शैक्षणिक प्रमुख झाले. आता मोजपट्टी अभियांत्रिकीपुरती राहिली नाही. प्रत्येक विभागाचा तक्ता त्यांच्या टेबलावर येऊ लागला. दरवर्षी किती पीएचडी, दर प्राध्यापकामागे किती, बाहेरून आलेला निधी किती, प्रवेश घेणाऱ्यांचे चाचणीतील गुण किती, राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर विभागाचे सदस्य किती. रविवारीही ते काम करत. १९५७ साली झालेल्या एका पाहणीत देशातील विद्यापीठांत स्टॅनफर्डचा क्रमांक तेरावा लागला होता, आणि तुलनेत एमआयटीसारख्या तांत्रिक संस्था तर धरलेल्याच नव्हत्या. पुढील काही वर्षांत आर्थर कोर्नबर्ग, जोशुआ लेडरबर्ग, कार्ल जेरासी यांसारखे शास्त्रज्ञ स्टॅनफर्डमध्ये आले आणि जीवरसायन व रसायनशास्त्र विभागांचे नाव झाले. १९६० च्या दशकाच्या मध्यास त्याच स्वरूपाची नवी पाहणी झाली, तेव्हा स्टॅनफर्ड देशातील अग्रगण्य विद्यापीठांत जाऊन बसले होते.

जमिनीचा प्रश्नही याच काळात सुटला. विकता येत नसली तरी जमीन भाडेपट्ट्याने देता येत होती. मूळ उद्देश विद्यापीठाला उत्पन्न मिळवून देणे, एवढाच होता. कोणाला जागा द्यायची, यात टर्मन यांनी लक्ष घातले आणि विद्यापीठाच्या संशोधनाशी नाते असलेल्या उद्योगांनाच ती मिळावी असा आग्रह धरला. १९५१ साली स्टॅनफर्ड इंडस्ट्रियल पार्कमधील पहिला करार व्हेरियन बंधूंच्या कंपनीशी झाला. पाठोपाठ ह्यूलेट-पॅकार्ड आली, लॉकहीडची संशोधनशाळा आली. जमीन तीच होती. फक्त आता तिच्यावर गुरे चरत नव्हती.

मात्र टर्मन यांच्या साऱ्या योजनांत खरी कळीची म्हणावी अशी योजना १९५४ च्या सुमारास सुरू झालेल्या सहकारी अभ्यासक्रमाची. परिसरातील कंपन्यांचे अभियंते नोकरी सांभाळून स्टॅनफर्डमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेऊ शकत. नेहमीच्या शुल्काइतकीच आणखी एक रक्कम कंपनीने भरायची, अशी अट होती, कारण विद्यार्थ्याच्या शुल्कात शिक्षणाचा खरा खर्च निघत नाही हा हिशेब त्यांनी आधीच करून ठेवला होता. कंपन्यांनी खळखळ न करता पैसे भरले. पूर्वेकडच्या हुशार तरुणाला नोकरी देताना स्टॅनफर्डची पदवी पदरात पडेल असे आमिष दाखवता येऊ लागले. उलट बाजूने, कारखान्यात सकाळी उभा राहिलेला प्रश्न संध्याकाळी वर्गात पोहोचू लागला.

आता शॉक्ली. ट्रान्झिस्टरच्या शोधातील भागीदार म्हणून त्यांना १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी ते बेल लॅबोरेटरीज सोडून स्वतःची कंपनी काढण्याच्या खटपटीत होते. त्यांची आई पालो आल्टोत राहत होती, शिवाय टर्मन यांनी पत्रे लिहून परिसराचे आणि विद्यापीठाचे फायदे त्यांच्या गळी उतरवले. माउंटन व्ह्यू येथे शॉक्ली सेमीकंडक्टर लॅबोरेटरी सुरू झाली. टर्मन स्वस्थ बसले नाहीत. बेल लॅबमधून जॉन लिनव्हिल यांना त्यांनी स्टॅनफर्डमध्ये आणले होतेच. १९५७ साली जेम्स गिबन्स या तरुण अध्यापकाला शॉक्लींच्या कारखान्यात उमेदवारीला धाडण्यात आले. सिलिकॉनचे घटक कसे बनवतात ते शिकायचे आणि ती विद्या विद्यापीठात आणायची, हे त्याचे काम. १९५८ च्या वसंतात गिबन्स यांनी स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत पहिला सिलिकॉन घटक बनवून दाखवला. ज्ञान विद्यापीठातून उद्योगाकडे वाहते, असे आपण सहसा गृहीत धरतो. येथे ते उलट वाहिले, आणि तसे वाहण्यासाठी पाट टर्मन यांनीच खणला होता.

शॉक्ली यांच्या विक्षिप्त वागण्याला कंटाळून १९५७ साली आठ जण बाहेर पडले. त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. तिच्यातून फुटलेल्या कंपन्यांत १९६८ साली स्थापन झालेली इंटेलही होती. १९७१ साली एका पत्रकाराने या खोऱ्याला सिलिकॉन व्हॅली म्हटले आणि ते नाव चिकटले. आज तेथे स्थिरावलेल्या हजारो मराठी अभियंत्यांना सनीव्हेल, माउंटन व्ह्यू ही नावे पुण्याच्या पेठांइतकीच परिचयाची झाली आहेत. अर्थात या साऱ्याचे श्रेय एकट्या टर्मन यांच्या पदरात टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. १९०९ सालीच पालो आल्टोत फेडरल टेलिग्राफ कंपनी निघाली होती आणि रेडिओ उद्योगाची परंपरा तेथे आधीपासून रुजली होती. टर्मन यांनी ती हेरली आणि तिला विद्यापीठाची जोड दिली.

या प्रगतीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न स्टॅनफर्डच्या आवारात तेव्हाही विचारला जात होता. तक्त्यात ज्याला रकाना नाही, त्याचे मोल शून्य धरले जाऊ लागले. पदवीपूर्व विद्यार्थ्यांना जीव ओतून शिकवणारा, पण कंत्राट न आणणारा प्राध्यापक निरुपयोगी ठरू लागला. मानव्यविद्येच्या विभागांना पीएचडीच्या संख्येवरून जाब विचारला गेला. भूगोल विभाग तर बंदच झाला. जीवशास्त्रात रेणूंचा अभ्यास करणाऱ्यांचे पारडे जड झाले आणि प्राणी-वनस्पतींच्या वर्गीकरणाची जुनी परंपरा मागे पडली. एखाद्या विभागाने वर्गीकरण हे शास्त्र नाही असे सिद्ध केले म्हणून हे घडले नाही. त्याला निधी कमी मिळत होता, एवढेच. ज्या वस्तूचे मोजमाप होते ती वस्तू मोजपट्टीप्रमाणे स्वतःला बदलून घेते, हे टर्मन यांच्यासारख्या चाणाक्ष माणसाच्या ध्यानात आले नसेल असे वाटत नाही. कदाचित तो बदलच त्यांना हवा असावा.

लष्करी पैशाचेही तसेच. टर्मन यांनी उभारलेल्या प्रयोगशाळांतील बरेचसे काम गुप्त होते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. १९६९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी अप्लाइड इलेक्ट्रॉनिक्स लॅबोरेटरीचा ताबा घेतला आणि नऊ दिवस ती सोडली नाही. त्यानंतर विद्यापीठाच्या आवारातील गुप्त संशोधन थांबवण्यात आले आणि १९४६ साली स्थापन झालेली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट १९७० साली विद्यापीठापासून वेगळी झाली. टर्मन १९६५ सालीच निवृत्त झाले होते. आयुष्याची कमाई विद्यार्थ्यांच्या वेढ्यात सापडलेली त्यांना पाहावी लागली.

निवृत्तीनंतर त्यांना देशभरातून बोलावणी येऊ लागली. स्टॅनफर्डमध्ये जे झाले ते आमच्याकडे करून द्या, अशी मागणी होती. त्यांनी कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांसाठी अभियांत्रिकी शिक्षणाचे सविस्तर अहवाल तयार केले. एका पदवीमागे किती खर्च येतो, विभागाचा आकार किती असला म्हणजे तो परवडतो, कारखान्यांपासून जाऊन-येऊन शिकता येईल अशा अंतरावर पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे का, अशा प्रश्नांची उत्तरे त्यांनी आकड्यांत शोधली. विद्यापीठाची उद्योगाला आधार देण्याची क्षमता मोजणे हे आज एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. पेटंट, परवाने, नवउद्योग यांची जंत्री करून क्रमवाऱ्या लावल्या जातात. भारतातही नवोपक्रमावर आधारित 'अटल' क्रमवारी २०१९ साली प्रथम जाहीर झाली. या साऱ्याच्या मुळाशी टर्मन यांचे ते तक्ते नाहीत असे म्हणवत नाही.

पण त्या तक्त्यांची खरी कसोटी न्यू जर्सीत लागली, आणि तेथे ते हरले. १९६० च्या दशकात न्यू जर्सी म्हणजे उद्योगातील संशोधनाचे माहेरघर. ज्या बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला ती तेथेच होती. आरसीए आणि बड्या औषध कंपन्याही होत्या. कमतरता एकच. या कंपन्यांच्या हाकेच्या अंतरावर त्यांना हवे तसे पदव्युत्तर अभियांत्रिकी विद्यापीठ नव्हते. उद्योगांनी टर्मन यांना पाचारण केले. त्यांनी मोजमाप केले, उणीव नेमकी दाखवली आणि उद्योगांच्या आधाराने चालणाऱ्या नव्या विद्यापीठाची योजना आखून दिली. 'समिट विद्यापीठ' असे त्याचे नावही ठरले. कागदावर सगळे जमले होते. पैसा, माणसे, गरज यांपैकी कशाचीही वाण नव्हती. तरीही ते विद्यापीठ कधी जन्मलेच नाही. आपापसांत स्पर्धा करणाऱ्या बड्या कंपन्यांना एका ताटात जेवायचे नव्हते. प्रत्येकीची प्रयोगशाळा स्वयंपूर्ण होती आणि आपले शास्त्रज्ञ, आपली गुपिते दुसऱ्यासमोर उघडी करण्याची त्यांची तयारी नव्हती. स्टॅनफर्डभोवतीच्या कंपन्या लहान होत्या, एकमेकींच्या गरजवंत होत्या, आणि त्यांच्यापैकी अनेकींचे संस्थापक टर्मन यांचे विद्यार्थी होते. गरज आणि गुरू-शिष्याचे नाते या दोन गोष्टींना त्यांच्या तक्त्यात जागा नव्हती. टेक्सासमधील डॅलस येथेही सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या मदतीने त्यांनी प्रयत्न केला. पदव्युत्तर शिक्षण वाढले, पण दुसरी सिलिकॉन व्हॅली काही उभी राहिली नाही.

यश आले ते अनपेक्षित ठिकाणी. १९७० साली अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेने टर्मन यांच्या नेतृत्वाखाली एक मंडळ दक्षिण कोरियात पाठवले. कोरिया तेव्हा गरीब देश होता. हुशार विद्यार्थी अमेरिकेत जात आणि तेथेच राहत. ही रड भारतालाही अपरिचित नव्हती. आयआयटीतून बाहेर पडणाऱ्यांची विमाने त्याच दिशेने उडत होती. टर्मन मंडळाने उद्योगाच्या गरजेनुसार केवळ पदव्युत्तर शिक्षण देणारी नवी संस्था सुचवली. जुन्या विद्यापीठांच्या चौकटीत ती घुसमटू नये म्हणून तिला शिक्षण खात्याऐवजी विज्ञान खात्याच्या अखत्यारीत ठेवण्यात आले. विद्यार्थ्यांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सवलत मिळाली, हे आकर्षणही लहान नव्हते. १९७१ साली सोलमध्ये संस्थेची स्थापना झाली. ती आज 'कैस्ट' या नावाने ओळखली जाते. अहवालाच्या अखेरीस या आकडेमोड्या गृहस्थांनी चक्क एक स्वप्न रंगवले होते. २००० सालापर्यंत ही संस्था जगन्मान्य झालेली असेल आणि तिच्या पदवीधरांनी देशाच्या उद्योगाचे नेतृत्व हाती घेतलेले असेल, असे ते स्वप्न. १९८५ साली कैस्टच्या संशोधकांनी अल्ट्रासाउंड यंत्रे बनवणारी मेडिसन ही कंपनी काढली. १९९२ साली कोरियाचा पहिला उपग्रह अवकाशात गेला तो कैस्टच्या तरुणांनी घडवलेला. ज्या आकड्यांनी न्यू जर्सीत काम केले नाही, त्यांनी येथे केले, कारण येथे त्यांच्या पाठीशी सरकारची इच्छाशक्ती होती आणि वाटून घ्यायला कोणी नकार देईल इतके कोणापाशी काही नव्हतेच.

अखेरची वर्षे तशी एकाकी गेली. पत्नी सिबिल १९७५ साली निवर्तल्या. राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले, सन्मान होत राहिले. १९ डिसेंबर १९८२ रोजी पालो आल्टोत टर्मन यांचे निधन झाले. ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी आपल्या गुरूचे ऋण शेवटपर्यंत मानले. त्यांच्या देणगीतून १९७७ साली स्टॅनफर्डमध्ये अभियांत्रिकीची भव्य इमारत उभी राहिली आणि तिला टर्मन यांचे नाव देण्यात आले. तरुण अध्यापकांसाठी त्यांच्या नावाने पाठ्यवृत्तीही सुरू झाल्या.

पालो आल्टोतील एका शाळेला टर्मन पितापुत्रांचे नाव होते. वडिलांच्या सुप्रजननवादी विचारांची नव्याने चर्चा झाली, पालकांनी आक्षेप घेतला आणि २०१८ साली ते नाव काढून टाकण्यात आले. मुलाचे नावही त्याबरोबर गेले. अभियांत्रिकीची ती इमारतही आता तेथे नाही. नव्या संकुलाला जागा करून देण्यासाठी २०११-१२ च्या सुमारास ती पाडण्यात आली. तिच्या शेजारचे पाण्याचे कारंजे मात्र तसेच ठेवले असून, उन्हाळ्यात विद्यार्थी त्यात पाय सोडून बसतात.